पंख्याची घरघर आणि न निघणारा अँटीव्हायरस : आधी कशाला हात घालावा?

गिरणाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी जळगावला राहतो. एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात लिपिक होतो, आता निवृत्त आहे. घरी २०१७ साली सुटे भाग घेऊन जोडलेला डेस्कटॉप आहे : इंटेल कोअर आय-५ ७४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि विंडोज १०. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. तीन वर्षांपूर्वी मुलाने जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून दिली, त्यामुळे वेगाबद्दल अलीकडेपर्यंत काहीच तक्रार नव्हती.

गेल्या दोन महिन्यांपासून मात्र दोन गोष्टींनी जेरीस आणले आहे. पहिली म्हणजे आवाज. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की लांबून पिठाची गिरणी ऐकू यावी तशी घरघर सुरू होते. पाच-सात मिनिटांत ती कमी होते. परंतु अर्ध्या तासाने वाऱ्याचा आवाज चढत जातो आणि मग तो संध्याकाळी बंद करेपर्यंत उतरत नाही. त्या वेळी मी फार काही करत असतो असेही नाही. बहुधा एक टंकलेखनाची फाइल उघडी असते, एवढेच.

दुसरी गोष्ट अँटीव्हायरसची. एक वर्षासाठी विकत घेतलेल्या अँटीव्हायरसची मुदत उन्हाळ्यापूर्वी संपली. मुदत वाढवायची नाही असे ठरवून मी सेटिंग्जमधून तो अनइन्स्टॉल केला. पट्टी पुढे सरकते, शेवटी 'बदल पूर्ण होण्यासाठी कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा' असा संदेश येतो. मी रात्री कॉम्प्युटर बंद करतो आणि सकाळी सुरू करतो, तर महाशय पुन्हा घड्याळाशेजारी हजर! असे चार वेळा झाले आहे.

दुरुस्तीच्या दुकानात दाखवले, तेव्हा झाकण न उघडताच 'फॉरमॅट मारावा लागेल' असे सांगण्यात आले. माझी अडचण अशी की आमच्या घराण्याची वंशावळ आणि गावाची माहिती अशी सुमारे ३०० पाने मी एका जुन्या मराठी टंकलेखन सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेली आहेत, आणि त्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी आता सापडत नाही. फॉरमॅट केल्यास ते पुन्हा बसवता येणार नाही. या दोन तक्रारींचा परस्परांशी काही संबंध आहे का, आणि आधी कोणती हाती घ्यावी, हे कृपया सांगावे.

पान्हा_पक्कड

नमस्कार काका. तुमच्या वर्णनात एक नव्हे, दोन आवाज आहेत, आणि त्यांची कारणे बहुधा निराळी आहेत. सुरुवातीला येणारी आणि यंत्र तापल्यावर कमी होणारी घरघर ही पंख्याच्या बेअरिंगची असते : आतले वंगण सुकलेले असते, थोडे गरम झाले की पातळ होते आणि आवाज दबतो. अर्ध्या तासाने चढणारा वारा हा बिघाड नाही. प्रोसेसर तापला म्हणून मदरबोर्ड (सगळे भाग जिला जोडलेले असतात ती मुख्य पाटी) पंख्याला जोरात फिरायला सांगतो आहे. घरघरीसाठी पंखा बदलावा लागेल. वाऱ्यासाठी मात्र प्रोसेसर का तापतो ते शोधावे लागेल. तो धुळीने तापत असेल किंवा एखाद्या सॉफ्टवेअरने, किंवा दोन्हींनी.

हे वेगळे करण्याचा एक बिनखर्चाचा उपाय आहे. कॉम्प्युटर सुरू करताच डिलीटची कळ दाबत राहा आणि बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जच्या) पडद्यावर जाऊन दहा-पंधरा मिनिटे तसेच बसा. तिथे विंडोज सुरूच झालेले नसते, त्यामुळे तुमच्या अँटीव्हायरसचा प्रश्नच येत नाही. 'हार्डवेअर मॉनिटर' किंवा तशाच नावाच्या पानावर प्रोसेसरचे तापमान आणि पंख्यांचे मिनिटाला होणारे फेरे दिसतात. बायोसमध्ये प्रोसेसर विंडोजइतका विसावत नाही, म्हणून तापमान थोडे जास्त दिसेल, ते धरून चाला. तिथेही घरघर ऐकू आली, तर दोष यांत्रिक आहे आणि फॉरमॅटने तो जाणार नाही, हे दुकानदाराला सांगता येईल.

कोणता पंखा घरघरतो ते ओळखण्यासाठी वर्तमानपत्राची नळी करून एक टोक कानाला लावावे व दुसरे पंख्यांजवळ फिरवावे. आवाज कुठून येतो ते लगेच कळते. मागचा कॅबिनेटचा पंखा संशयित असेल, तर कॉम्प्युटर बंद करून त्याची वायर मदरबोर्डवरून काढा आणि पुन्हा सुरू करून ऐका. प्रोसेसरवरच्या पंख्याबाबत हा प्रयोग मुळीच करू नये. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या, डब्यातून आवाज येत असेल, तर तो डबा उघडू नका. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब साठतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. डबा सबंध बदलावा.

बेअरिंगमध्ये शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडण्याचा जुना उपाय आहे. पंख्याच्या मध्यभागचे स्टिकर अर्धे सोडवून तो थेंब आत सोडतात, आणि काही महिने निघतातही. खोबरेल तेल मात्र चुकूनही घालू नये. थंडीत ते थिजते आणि पंखाच अडतो. (हा प्रयोग केलेला एक कॉम्प्युटर मी स्वतः पाहिलेला आहे. मालकाचा हेतू चांगला होता.) माझ्या मते १२० मिलीमीटरचा साधा पंखा तीन-चारशे रुपयांत मिळत असताना तेलपाण्यात वेळ घालवू नये.

आता धूळ. वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल, आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला. ब्लोअर वापरताना पंख्याची पाती पेन्सिलीने अडवून धरावीत. हवेच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग झिजते, शिवाय फिरणारी मोटर उलट वीजही तयार करते. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पट्ट्यांचा हीटसिंक असतो. वरून पंखा स्वच्छ दिसला तरी पंखा आणि पट्ट्या यांच्या मध्ये धुळीचा जाड थर बसलेला असतो, आणि बहुतेक लोक नेमका तोच तपासत नाहीत.

आठ वर्षांत थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा मधला लेप) बदलली नसेल तर तीही आता खडूसारखी झाली असेल. तुमच्या प्रोसेसरबरोबर मिळणारा इंटेलचा पंखा चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो. प्रत्येक खुंटी बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढायची. हीटसिंक सरळ उपटू नका, आधी किंचित डावी-उजवीकडे पिळून सैल करा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी तुरीच्या दाण्याएवढी मध्यभागी ठेवा आणि बसवताना खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबा. चारही खुंट्या मदरबोर्डच्या आरपार गेल्या आहेत ना, हे पाहिल्याशिवाय सुरू करू नका. एक खुंटी अर्धवट राहिली तरी तापमान पुन्हा तिथेच येते.

आणखी दोन गोष्टी विचारतो. कॅबिनेट कॉम्प्युटर-टेबलाच्या खालच्या बंद खणात आहे का? आणि खोलीत पाण्याचा कूलर चालतो का?

गिरणाकाठ

आपले दोन्ही अंदाज खरे निघाले. कॅबिनेट टेबलाच्या खणात होते, मागची बाजू भिंतीला टेकलेली, आणि खिडकीतल्या कूलरचा झोत थेट त्यावर येत असे. मला वाटे की थंड हवा मिळते आहे, तर चांगलेच आहे.

कालचा रविवार यातच गेला. घरघर मागच्या कॅबिनेटच्या पंख्याची होती. वायर काढताच ती थांबली. हीटसिंकवर मात्र जे निघाले ते पाहून मी थक्क झालो. गोधडीच्या आत कापूस बसावा तसा दमट धुळीचा थर सोलून काढावा लागला. पेस्ट पूर्ण सुकलेली होती, ती बदलली. बायोसमध्ये आधी ६३ अंश दिसत होते, आता ४७ दिसतात. त्या वेळी खोलीत ३७ अंश होते.

परंतु गाडे इथे अडले आहे : विंडोज सुरू झाल्यावर वीस मिनिटांत तापमान ७४ पर्यंत जाते आणि वारा पुन्हा चढतो, जरी पूर्वीइतका नाही. टास्क मॅनेजर उघडून पाहिला. सर्वांत वर त्याच मुदत संपलेल्या अँटीव्हायरसचे नाव आहे आणि त्याच्या खाली 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' असे काहीतरी. दोघे मिळून प्रोसेसरचा ४० टक्के भाग व्यापून बसले आहेत. पहिल्यावर 'एंड टास्क' दिले तर परवानगी नाकारल्याचा संदेश येतो. माझ्याच घरात मलाच परवानगी नाही!

रात्रपाळी

काका, यंत्राच्या बाजूचे काम उत्तम झाले आहे. खोली ३७ अंश असताना ४७ हा आकडा अगदी ठीक आहे. हवेने थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आहे, म्हणून ७४ने नुकसान होणार नाही. परंतु काहीही काम नसताना ७४ असणे हे मात्र दुखण्याचे लक्षण आहे.

परवानगी नाकारली जाते, कारण अँटीव्हायरस स्वतःचे रक्षण करतो. एखाद्या व्हायरसने येऊन त्यालाच बंद पाडू नये म्हणून ही सोय असते, आणि तिच्या लेखी मालक व चोर सारखेच. दुसरे नाव विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरचे आहे. एरवी बाहेरचा अँटीव्हायरस कामावर असला की डिफेंडर बाजूला होतो. तुमच्याकडे तो अर्धा निघालेला आणि अर्धा शिल्लक असल्यामुळे दोघेही पहाऱ्यावर आहेत, प्रत्येक उघडणारी फाइल दोनदा तपासली जात आहे, आणि बहुधा हे दोघे एकमेकांच्या फाइलीही चाळत आहेत.

आता मुख्य प्रश्न. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'च्या पानावर सीपीयू निवडा आणि खाली 'अप टाइम' काय दाखवतो ते पाहा. तुम्ही रोज रात्री कॉम्प्युटर बंद करता, म्हणजे तो काही तासांचा असायला हवा. माझा अंदाज आहे की तो कित्येक दिवसांचा निघेल.

याचे कारण 'फास्ट स्टार्टअप'. विंडोज ८ पासून 'शट डाउन' दिले की आपले प्रोग्राम बंद होतात. परंतु विंडोजचा गाभा बंद होत नाही, त्याची जशीच्या तशी प्रत डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. सुरुवात लवकर होते हे खरे. मात्र ज्या फाइली वापरात असल्यामुळे अनइन्स्टॉलच्या वेळी काढता आल्या नाहीत, त्या 'पुढच्या खऱ्या सुरुवातीला काढा' अशी नोंद करून ठेवलेली असते, आणि ती खरी सुरुवात तुमच्याकडे होतच नाही. 'रीस्टार्ट' दिल्यावर मात्र गाभाही पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होतो. आपण बंद करून सुरू करणे आणि रीस्टार्ट करणे एकच समजतो. विंडोजच्या लेखी ते एक नाही, आणि मला वाटते की नावे ठेवताना यात लोकांची फसगत होणार हे कुणी लक्षात घेतले नसावे.

तेव्हा क्रम असा ठेवा. प्रथम कंट्रोल पॅनेलमधून एक रीस्टोअर पॉइंट (बिघडल्यास विंडोजच्या सेटिंग्ज मागे नेता याव्यात म्हणून केलेली नोंद) तयार करा. मग अँटीव्हायरस उघडून त्याच्याच सेटिंग्जमध्ये 'सेल्फ प्रोटेक्शन' किंवा 'सेल्फ डिफेन्स' असे काही असेल ते बंद करा. हे केल्याशिवाय पुढचे सगळे व्यर्थ आहे. मग नेहमीप्रमाणे अनइन्स्टॉल करा आणि संदेश येताच शट डाउन नव्हे तर रीस्टार्ट द्या. एवढ्याने बहुधा भागेल. नाहीच भागले, तर जवळजवळ प्रत्येक अँटीव्हायरस कंपनी आपलाच माल समूळ काढण्यासाठी वेगळे छोटे साधन देते. ते फक्त त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. शोधयंत्रात वर येणाऱ्या जाहिरातींवरून घेतल्यास एक काढायला जाऊन तीन घरात येतील.

हे साधन काही वेळा सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्या आवश्यक भागांसहच सुरू करून, चालवावे लागते. शिफ्टची कळ दाबून ठेवून रीस्टार्ट दिले की निळा पडदा येतो. त्यात ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असे जाऊन रीस्टार्ट द्यावे आणि पुढच्या यादीत ४ दाबावे. पण एक लक्षात ठेवा : विंडोजची इन्स्टॉलर सेवा सेफ मोडमध्ये सहसा चालू नसते, त्यामुळे तिथे नेहमीच्या मार्गाने अनइन्स्टॉल करायला गेलात तर निराळाच दोष दाखवला जाईल आणि तुम्ही उगाच त्याच्या मागे लागाल.

प्रोग्राम फाइल्समधला त्याचा फोल्डर हाताने डिलीट करण्याचा मोह आवरा. अँटीव्हायरसचे ड्रायव्हर फाइली आणि इंटरनेट यांच्या वाटेवर बसलेले असतात. फोल्डर गेला पण नोंद राहिली, तर इंटरनेट बंद पडते किंवा विंडोज सुरूच होत नाही, आणि मग दुकानदाराचा फॉरमॅट खरा ठरतो.

चौथा_मजला

सर्वांचा सल्ला योग्य असला तरी इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडतो. सातव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. फॉरमॅट करावा किंवा सरळ नवीन यंत्र घ्यावे. आठ वर्षे पुष्कळ झाली.

पान्हा_पक्कड

तारीख बरोबर आहे. परंतु काकांनी प्रश्नातच लिहिले आहे की सीडी हरवली आहे, आणि नवीन यंत्र घेतले तरी ती अडचण तशीच राहते. घाईने काही करण्यापेक्षा विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नावनोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचा अवधी मिळवावा, आणि त्या काळात ती ३०० पाने सोडवून घ्यावीत.

काका, जुन्या टंकलेखन सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर साठवलेली असतात आणि फाँट त्यांना देवनागरीचे रूप देतो. फाँट गेला की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे उरतात. म्हणून आजच प्रत्येक फाइल त्या सॉफ्टवेअरमधून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' या प्रिंटरवर छापून ठेवा. पीडीएफमध्ये अक्षरांचे रूप फाइलीतच साठवले जाते, त्यामुळे पुढे कोणत्याही यंत्रावर निदान वाचता तरी येईल. एखादी पीडीएफ मुलाला पाठवून त्याच्या फोनवर नीट दिसते का ते पडताळा. मूळ फाइली आणि फाँटच्या फाइलीही पेनड्राइव्हवर घ्या. शिवाय कंट्रोल पॅनेलमधल्या बॅकअपच्या पानावर 'सिस्टिम इमेज' (विंडोज आणि सॉफ्टवेअरसह सगळ्याची जशीच्या तशी प्रत) काढण्याची सोय आहे. बाहेरच्या हार्ड डिस्कवर ती काढून ठेवलीत, तर उद्या एसएसडी गेली तरी त्याच यंत्रावर टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरसह सगळे परत बसवता येईल. अँटीव्हायरसला हात लावण्यापूर्वी हे करा.

गिरणाकाठ

सर्वांना कळवण्यास आनंद होतो की काम झाले, पण सरळ झाले नाही.

अप टाइम ४१ दिवसांचा निघाला! गेल्या महिन्यात मी चार वेळा 'बंद करून सुरू' केल्याचे इथे लिहिले होते, त्यातले एकही त्याच्या हिशेबी नव्हते. आधी पीडीएफ आणि सिस्टिम इमेज यांत दीड दिवस घालवला. मग सेल्फ प्रोटेक्शन बंद करून अनइन्स्टॉल केले व रीस्टार्ट दिले. घड्याळाशेजारचे चिन्ह गेले. परंतु यादीत नाव तसेच होते आणि त्यावर क्लिक केल्यास फाइल सापडत नसल्याचा संदेश येत होता. तेव्हा कंपनीच्या संकेतस्थळावरचे साधन उतरवून घेतले. नेहमीच्या विंडोजमध्ये ते मध्येच थांबले, सेफ मोडमध्ये दहा मिनिटांत पूर्ण झाले. आता विंडोज सिक्युरिटीच्या पानावर डिफेंडर एकटाच आहे.

प्रोसेसरचा वापर स्वस्थ असताना २-३ टक्के आणि तापमान ४८ च्या आसपास राहते. मागे नवा पंखा बसवला. कॅबिनेट खणातून काढून टेबलाशेजारी वीतभर उंच पाटावर ठेवले आहे आणि कूलरचे तोंड दुसरीकडे वळवले आहे, यावर घरातून थोडी नाराजी आहे, कारण आता वारा माझ्याकडेच येतो.

एक गंमत राहिली. सगळे काढल्यानंतरही उजव्या कोपऱ्यात 'तुमचे संरक्षण संपले आहे, ताबडतोब नूतनीकरण करा' अशी सूचना दिवसातून दोनदा येत होती. अँटीव्हायरस परत आला म्हणून मी हादरलो. नीट पाहिले तर ती ब्राउझरची सूचना होती : पूर्वी केव्हातरी कुठल्याशा संकेतस्थळाला मी 'अलाउ' म्हटले असणार. ब्राउझरच्या सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशनच्या यादीतून ते नाव काढल्यावर तीही थांबली.

ती ३०० पाने युनिकोडमध्ये (कोणत्याही यंत्रावर चालणाऱ्या प्रमाणित देवनागरीत) आणण्याबद्दल स्वतंत्र प्रश्न लवकरच विचारीन. पहिली चार पाने करून पाहिली, त्यांत सगळे रफार चुकीच्या अक्षरावर जाऊन बसले आहेत.